पटावरचे प्रश्न : घोडा जी५ला आला की

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. शाळांच्या रॅपिड (कमी वेळाच्या) बुद्धिबळ स्पर्धांत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना ती सुरुवातीलाच अडकते. चाली अशा (प्रत्येक आकड्यापुढे आधी पांढऱ्याची, मग काळ्याची; अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर): १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५, डी५ ५. प्यादं डी५ मारतं, घोडा डी५ मारतो ६. घोडा एफ७ मारतो. ओपनिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) बदलावं का?
– एक पालक, मुलुंड

उत्तर : ओपनिंग राहू द्या, काळ्याची पाचवी चाल बदला. राजाने एफ७चा घोडा मारला की वजीर एफ३वरून शह देतो आणि डी५च्या घोड्यावरही नेम धरतो. तो राखायचा तर राजाला ई६लाच यावं लागतं, भर पटाच्या मध्यावर. मग पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ला येऊन डी५वर तिसरा मारा लावतो. संगणकाला इथून बचाव सापडतो. रॅपिडच्या घड्याळावर मुलांना तो सापडणं कठीणच.

म्हणून पाचव्या चालीला काळ्याचा घोडा ए५. पुढे ६. उंट बी५ शह, सी६ ७. प्यादं सी६ मारतं. आता बी७च्या प्याद्यानेच मारायचं. घोड्याने मारलं तर बी५चा उंट निवांत बसतो; प्याद्याने मारलं तर त्याला पुन्हा हलावं लागतं. ८. उंट ई२, एच६ ९. घोडा एफ३, ई४ १०. घोडा ई५, उंट डी६. एक प्यादं कमी, पण पांढऱ्याच्या निम्म्या चाली पळापळीत गेल्या. आठव्या चालीला पांढऱ्याचा वजीर एफ३ला आला तर बी५चा उंट खायचा मोह टाळा, ए८चा हत्ती जाईल. हत्ती बी८ खेळा. काठावरचा ए५चा घोडा मुलं हमखास विसरतात. सवडीने तो बी७मार्गे परत आणायचा.

एवढं पाठांतर नको असेल, तर तिसऱ्या चालीला काळ्याचा उंट सी५. लगेच घोडा जी५ला आला तर वजीर तो फुकटात मारतो.

प्रश्न : किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी हत्तीला हात लागला तर?
– एक खेळाडू, दादर

उत्तर : मुद्दाम हत्ती आधी धरून मग राजाला हात लावला, तर त्या चालीत त्या बाजूचा किल्लेकोट गेला. हत्तीला नियमात बसणारी चाल असेल तर तोच हलवावा लागतो. आधी राजा दोन घरं, मग हत्ती, आणि दोन्ही एकाच हाताने.