युरेका म्हणजे काय आणि हा शब्द आला कुठून?

ग्रीकमध्ये ‘हेउरेका’, म्हणजे ‘मला सापडलंय’. शोधून काढणं या अर्थाच्या क्रियापदाचं प्रथमपुरुषी रूप. सुरुवातीचा ‘ह’ पुढे गळाला. ‘ह्युरिस्टिक’ (स्वतः शोधून शिकण्याची रीत) या त्याच मुळाच्या इंग्रजी शब्दात तो अजून टिकून आहे. सिराक्यूजचा प्राचीन ग्रीक गणिती आर्किमिडीज हेच ओरडत न्हाणीघरातून उघडाच धावला, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच.

पण त्याला सापडलं काय? नववीत सरांनी सांगितलं, राजाचा मुकुट आणि तेवढ्याच वजनाचं सोनं पाण्यात बुडवलं, सांडलेलं पाणी मोजलं, सोनाराची लबाडी उघडी पडली. माझे वडील सोनार. मी उठून म्हणाले, “सर, सांडलेल्या पाण्यावरून नाही कळायचं. आमचे अण्णा पाण्यात तोलतात.” वर्ग हसला. सर म्हणाले, “दुकान घरी. खाली बस.”

अण्णा एका पारड्याखाली दोऱ्याने डाग, म्हणजे दागिना, टांगायचे, दुसऱ्याखाली तेवढंच चोख सोनं. काटा मधोमध आला की दोन्हींखाली पाण्याची भांडी धरून ते बुडवायचे. डागात चांदी असली की ती बाजू हळूच वर यायची, कारण चांदी तेवढ्याच वजनाला जास्त जागा घेते आणि पाणी तिला जास्त उचलून धरतं. अण्णा बोलायचे नाहीत, गिऱ्हाइकाला फक्त काटा दाखवायचे.

पुढे मी हिशेब मांडला. सोन्याची घनता पाण्याच्या 19.3 पट, चांदीची 10.5 पट. एक किलोच्या मुकुटात 300 ग्रॅम चांदी घातली, तरी 20 सेंटिमीटर रुंद भांड्यात पाण्याच्या पातळीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. तोच फरक पाण्यात तोलला तर 13 ग्रॅमचा, म्हणजे तोळ्याहून जास्त! गॅलिलिओनेही 1586 मध्ये, वयाच्या 22व्या वर्षी, हेच लिहिलं: आर्किमिडीजने तराजूच वापरला असणार.

सरांनी गोष्ट मनाने रचली नव्हती, हेही सांगते. ती विट्रुव्हिअस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाची, आर्किमिडीजनंतर जवळजवळ 200 वर्षांनी लिहिलेली. त्यात सांडलेलं पाणीच आहे, आणि ‘हेउरेका’ दोनदा, आपण ‘सापडलं, सापडलं’ म्हणतो तसं. तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या आर्किमिडीजच्या स्वतःच्या ग्रंथात ना मुकुट आहे, ना न्हाणीघर. त्यामुळे तो खरंच ओरडला का, याला पुरावा नाही.

तुम्ही मुलांना शिकवत असाल तर दोरा आणि तराजू घेऊन हे करून दाखवा. आणि कुणी पोरगी उठून “आमच्या घरी वेगळं करतात” म्हणाली, तर तिला खाली बसवू नका, टेबलापाशी बोलवा. तिचं चुकत असलं तरी काटा सांगेल.

एक राहिलं: डाग पोकळ किंवा लाख भरलेला असेल तर ही रीत चालत नाही. तो कसोटीच्या दगडावरच घासून पाहावा लागतो.