शाळेचं नंतर बघू, आधी मुलाचं बघा

‘मुलगा नववीत आहे. वर्गात साठ मुलं. दिवाळीनंतर रोज सकाळी त्याचं पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. नणंद म्हणते, प्रयोगशील शाळेत घाला, नाहीतर रोज शाळेत न जाता मुक्त विद्यालयातून दहावी करू दे. ह्यांचं म्हणणं, दहावीच्या तोंडावर शाळा बदलणं म्हणजे वेडेपणा. परवा रात्री तो म्हणाला, उद्या उठूच नये असं वाटतं. काय करू?’
– एक आई, सिंहगड रस्ता

ताई, तुमचं पत्र तीन पानांचं आहे. वर त्याचा सारांश दिलाय. अडीच पानं शाळांवर आणि ‘उठूच नये असं वाटतं’ हे शेवटच्या चार ओळींत. मी तिथूनच सुरुवात करते.

आज रात्री जेवणं झाली की त्याच्याजवळ बसा. समोर बसवून नको, ओटा आवरता आवरता बोललात तरी चालेल. पण विचारा मात्र सरळ: ‘परवा तू म्हणालास ते कशामुळे? जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का रे?’ अशा विचारण्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलायला लागतात. तो ‘हो’ म्हणाला किंवा नुसताच गप्प राहिला, तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तास सुरू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पोटदुखीही बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ती नाटकं नव्हेत. मन धास्तावलं की पोट खरंच दुखतं.

आता शाळा. मी बावीस वर्षं एका जुन्या वळणाच्या शाळेत शिकवलं. आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत नळांशेजारच्या पायरीवर बसायचा, मांडीवर न उघडलेला डबा. आम्हा शिक्षकांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. शिपाईमामांनी येऊन सांगितलं, ‘बाई, ते पोरगं आठवडाभर जेवलं नाही.’ मुलं त्याला बोलण्यातल्या अडखळण्यावरून चिडवत होती. वर्गशिक्षिकेनं त्याची जागा बदलली, त्या मुलांशी बोलली, मामा रोज त्याच्या डब्याकडे बघत राहिले. शाळा तीच राहिली, मुलगा मात्र सावरला. उलट, माझ्या ओळखीतली एक अबोल मुलगी प्रयोगशील शाळेत गेली आणि रोज गोलात बसून मनातलं सांगायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. तिथल्या ताईंच्या ते लक्षात आलं, म्हणून निभावलं.

पुण्यात अक्षरनंदन ही प्रयोगशील शाळा १९९२पासून आहे आणि तिथलं काम मला मनापासून आवडतं. पण नाव ऐकून भुलू नका. तुमच्या मुलाला तिथे नववी-दहावीत प्रवेश मिळतो का, ते आधी विचारा. कुठलीही शाळा बघायची तर स्नेहसंमेलनाला नको, एखाद्या मंगळवारी मधल्या सुट्टीत जा. एकटं पडलेलं मूल कुणाच्या नजरेला येतं, ते बघा.

मुक्त विद्यालयाबद्दल तुमच्या यजमानांना सांगा की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी पाच विषयांची असते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकेक विषयाची परीक्षा देऊन पास होता येतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि ते प्रमाणपत्र अकरावीला चालतं. त्यामुळे वर्ष वाया जाण्याची भीती मनातून काढा. मला धास्ती वेगळीच आहे. तुम्ही दोघं नोकरीवर, म्हणजे मुलगा दिवसभर बंद फ्लॅटमध्ये मोबाइल घेऊन. आधीच एकटा असेल तर हे त्याला झेपणार नाही. तो रस्ता धरलात तर संध्याकाळचं मैदान, तबल्याचा वर्ग, काहीतरी माणसांतलं आधी ठरवा.

याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटा. गुणांचा विषयच काढू नका. तो कुणाशेजारी बसतो, कुठल्या तासाला गप्प होतो, एवढंच विचारा. त्यांना सांगता आलं नाही, तर शाळा बदलण्याच्या बाजूनं माझं मत पक्कं होईल. पण त्यालाही विचारा हो! तीन पानांत त्याला काय हवंय, हे कुठेच आलं नाही.

पुढच्या पत्रात बाकी काही लिहा न लिहा, तो डबा कुणाबरोबर खातो तेवढं कळवा.