रेमंड चाऊंनी हाँगकाँगमध्ये गोल्डन हार्वेस्ट हा चित्रपट स्टुडिओ एवढा मोठा कसा केला?

थोडक्यात सांगायचं तर कलाकाराला पगारी नोकर न समजता भागीदार केलं म्हणून.

चाऊ आधी शॉ ब्रदर्स या हाँगकाँगमधल्या बड्या स्टुडिओतच होते. तिथे नट-दिग्दर्शक ठरलेल्या पगारावर बांधलेले, नफा सगळा मालकाचा. 1970 मध्ये लिओनार्ड हो यांच्यासोबत बाहेर पडून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. शॉकडून ब्रूस लीला किरकोळ प्रस्ताव आला होता. चाऊंनी त्याला दोन चित्रपटांसाठी 15,000 डॉलर देऊन घेतलं. 1971 चा ‘द बिग बॉस’ थायलंडमध्ये कमी पैशांत काढला आणि तुफान चालला. पण हे सगळं मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत हं! हाँगकाँगच्या रोजच्या बोलीतला, म्हणजे कँटोनीज चित्रपट तेव्हा जवळजवळ बंदच पडला होता.

माझ्या मते खरी कमाल विनोदी नट-दिग्दर्शक मायकेल हुईच्या बाबतीत झाली. नफ्यात वाटा मागितला म्हणून शॉशी त्याचं जमलं नाही. चाऊंनी वाटाही दिला आणि मोकळीकही. 1974 मध्ये त्याचा जुगाऱ्यांवरचा कँटोनीज विनोदी चित्रपट आला, रस्त्यावरच्या बोलीत, आणि हाँगकाँगमध्ये त्या वर्षी सर्वाधिक कमाई त्यानेच केली. पुढे जॅकी चॅनही याच कंपनीत आला.