मधलं कुणाच्या नावावर?

प्रिय,

तुझ्या प्रयोगाबद्दल परीक्षक ‘नमुना लहान आहे’ म्हणतात आणि तुझ्याकडे तर १२० माणसं आहेत, म्हणून तू गोंधळलायस. परीक्षकांचं बरोबर आहे. तुझ्याकडे चौघाचौघांचे ३० गट आहेत. १५ आपसांत बोलून खेळणारे, १५ न बोलता. माणसांच्या मधे जे घडतं ते एकेकाच्या नावावर टाकायचं नाही. पत्रभर हेच सांगणार आहे, कंटाळू नकोस.

तुझाच खेळ घे. चौघांना प्रत्येकी २० नाणी. सामाईक पेटीत पडेल त्याची १.६ पट करून चौघांत सारखी वाटणी. एक नाणं टाकणाऱ्याला त्याचे ०.४ च परत मिळतात, पण सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाला ३२. न बोलता दहा फेऱ्या खेळल्या की पेटी सहसा रोडावत जाते. त्यावर ‘माणसं शेवटी स्वार्थीच’ असं लिहिलंयस, ते आधी खोड. फिशबाखर, गेख्टर आणि फेर यांच्या २००१ च्या प्रयोगात साधारण निम्मे लोक ‘इतर टाकतील तसं मी टाकेन’ या वृत्तीचे निघाले. एकाने हात आखडला की पुढच्या फेरीत बाकीचे आखडतात. मग हे चार आकडे स्वतंत्र कसे? गटांतर्गत सहसंबंध, म्हणजे एका गटातले आकडे एकमेकांसारखे किती, तो नुसता ०.३ धर: प्रत्येकाचे गटात तीन सोबती, म्हणून १ + ३ × ०.३ = १.९; १२० ला त्याने भागलं की स्वतंत्र माणसांइतके उरतात ६३. स्वतंत्र म्हणावी अशी पहिली फेरीच, तीही फक्त न बोलणाऱ्या गटांची. गटाची सरासरी घे, नाहीतर बहुस्तरीय मॉडेलमध्ये, म्हणजे माणूस आणि गट हे दोन्ही स्तर धरणाऱ्या हिशेबात, गट घाल. हे पटायला मला फार वर्षं लागली. त्या काळात छापलेले आकडे आता मागे घेता येत नाहीत. म्हणून हा हट्ट.

आणि गटांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं यंत्राकडून लिहून उतरवून घेतो म्हणतोस? अजिबात नको. हे बघ:

‘उरलेले टाकशील ना?’
(०.८)
‘म्हणजे, टाकायचे असतील तर.’

कंसातला आकडा म्हणजे शांततेचे सेकंद. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. यंत्र ती जोडून टाकेल, आणि तू त्याच्या नावावर ‘डळमळीत’ असा शेरा मारशील. ती शांतता दोघांची आहे. एकाने उत्तर दिलं नाही, दुसऱ्याने त्यात नकार ऐकला आणि माघार घेतली. २००९ साली दहा भाषांची तुलना झाली, तीत प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी ०.२ सेकंदाच्या आसपास निघालं. चित्र पाहून त्याचं नाव उच्चारायलाच साधारण ०.६ लागतात, म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ऐकणारा उत्तर जुळवायला लागलेला असतो. तिथे ०.८ म्हणजे पुष्कळच.

पुढच्या वेळी प्रत्येकाला वेगळा माइक दे, एकावर एक बोलणं नाहीतर सुटत नाही. उतरवणाऱ्याला गटाने किती नाणी टाकली ते कळू देऊ नकोस. कळलं की कान तेच ऐकतात.

पहिल्या तीन गटांची पहिली दोन-दोन मिनिटं तू स्वतः उतरव आणि पाठव. ‘अं’ आणि विरामांसकट.