ड्रोन घेण्याआधी एवढं बघ, भावा

भावा, फवारणीचा ड्रोन घ्यायची घाई करू नकोस. आधी डीजीसीएची (विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) मान्यता असलेल्या संस्थेतून रिमोट पायलटचं सर्टिफिकेट काढ. दहावी पास आणि वय 18 पूर्ण लागतं. आपल्याकडं कोल्हापुरात खरं काम उसात. शिरोळ-हातकणंगल्याला ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरताच येत नाही, पाल्यानं अंग कापतं. तिथं 10 लिटर टाकीचा ड्रोन एकर काही मिनिटांत उरकतो. पण जादा बॅटऱ्या घेच. पहिल्या हंगामात माझ्याकडं दोनच सेट होते. निम्म्या रानात काम थांबलं, शेतकरी बांधावर ताटकळला. अजून वाईट वाटतं. उजळाईवाडी विमानतळाजवळचं काम धरण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर ड्रोन कुठं उडवता येतो त्याचा नकाशा बघ. आणि वारं सुटलं की उतरवच, औषध शेजारच्या भाजीवर जातं.