गोल पेशी दिसतात, पण प्लेटवर काहीच उगवत नाही

प्रश्न : माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण ६८ टक्के. तिला बुरशीत जनुकीय बदल करून औद्योगिक एन्झाइम बनवण्याच्या क्षेत्रात जायचंय. प्रकल्पात ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीचे प्रोटोप्लास्ट (भित्तिका काढलेल्या पेशी) करून त्यात जनुक घालायचं होतं, ते तीनदा फसलं. तिचा हात या कामाला नाही, असं आमचं मत झालंय. प्रकल्प सोडून सहा आठवड्यांचा ऑनलाइन क्रिस्पर (डीएनए हव्या त्या जागी कापण्याचं तंत्र) कोर्स करायला सांगतोय, म्हणजे लवकर नोकरी लागेल. बरोबर ना?

(पत्राखाली मुलीने लिहिलंय : सूक्ष्मदर्शकात गोल पेशी दिसतात, पण प्लेटवर काहीच उगवत नाही. का?)

उत्तर : ६८ टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती तिचा निकाल घरातच लागून गेलाय याची. प्रयोग नेमका कुठे अडतोय, हे तुम्ही तिला विचारल्याचं पत्रात कुठेच दिसत नाही. तिने मात्र तेवढंच विचारलंय. गोल पेशी दिसताहेत, म्हणजे बुरशीची पेशीभित्तिका विरघळवण्याची पायरी बहुधा तिला जमली आहे. त्यापुढची जमत नाहीये. याला हात नसणं म्हणत नाहीत. तीन फसलेल्या प्रयोगांवरून या वयात तिला बाद ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणून आधी तिला उत्तर देते. त्या पेशी प्रोटोप्लास्टच आहेत ना, ते बघ. काचपट्टीवर कडेने पाण्याचा थेंब सोड. प्रोटोप्लास्ट फुगून फुटतील, बीजाणू तसेच राहतील. फुटले तर पुढचा संशय माध्यमावर घे. भित्तिका नसलेली पेशी साध्या माध्यमात टिकत नाही. ती फुटू नये म्हणून धुण्याच्या द्रावणात आणि प्लेटमध्येही साधारण १ ते १.२ मोलर सॉर्बिटॉल हवं. द्रावणात घालून प्लेटमध्ये विसरणं ही नेहमीची चूक आहे. तेही बरोबर असेल तर भित्तिका विरघळवणाऱ्या एन्झाइममध्ये तंतू किती वेळ ठेवतेस ते तपास. ३० अंशांना, हलक्या हलवणीवर दीड-दोन तास पुरतात. पण एन्झाइमचा लॉट बदलला की वेळही बदलते, म्हणून दर वीस मिनिटांनी थेंब काढून बघायचं. जास्त वेळ ठेवलंस तर पेशीपटलालाही इजा होते. तंतू कोवळे, १६ ते २० तासांचे घे. जुन्या तंतूंतून निघालेल्या पेशींत रिक्तिकाच (रसाने भरलेली पिशवी) मोठी असते, काहींत केंद्रकही नसतं. अशा पेशी गोल दिसतात, पण उगवत नाहीत.

आणि दोन प्लेट जास्तीच्या लाव : एक हायग्रोमायसिन (जनुक न शिरलेल्या पेशी मारणारं प्रतिजैविक) नसलेली, एक हायग्रोमायसिनची पण डीएनए न घातलेल्या पेशींची. पहिलीवरच काही उगवलं नाही, तर दोष पेशींत किंवा माध्यमात. तिच्यावर उगवलं पण डीएनए घातलेल्या पेशी हायग्रोमायसिनवर उगवल्या नाहीत, तर डीएनए पेशीत शिरायला मदत करणारे पीईजी आणि कॅल्शियम क्लोराइड, खुद्द डीएनए आणि हायग्रोमायसिनची मात्रा तपास. दुसरीवरही उगवलं, तर हायग्रोमायसिन कमी पडतंय.

आता क्रिस्परबद्दल. कात्री चालवता आली की एन्झाइम मिळालं, हा समज सोडा. तंतुमय बुरशीत क्रिस्परचा वापर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने काम खरंच सोपं केलं. पण ती कात्री पेशीत शिरवायची ती बऱ्याचदा याच प्रोटोप्लास्टमधून! म्हणजे तुम्ही तिला ज्यापासून सोडवताय, त्याच पायरीशी तिला परत यावं लागेल. डीएनए कापल्यावर बुरशी टोकं कशीही जोडून टाकते, म्हणून अशा जोडणीला लागणारं केयू-७० जनुक काढलेले वाण वापरतात. आणि जनुक हव्या त्या जागी बसलं तरी एन्झाइम हाती येईलच असं नाही. या बुरशीच्या औद्योगिक वाणांनी स्वतःची प्रथिनं लिटरमागे १०० ग्रॅमपर्यंत बाहेर टाकल्याच्या नोंदी आहेत. परकं प्रथिन मात्र त्याच्या कितीतरी कमी मिळतं, कारण ते पेशीत नीट घडी घेत नाही किंवा बाहेर प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) त्याचे तुकडे करतात. वासराचं कायमोसिन (चीजसाठी दूध गोठवणारं एन्झाइम) ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीकडून भरपूर मिळवण्यासाठी ते बुरशीच्याच ग्लुकोअमायलेज या प्रथिनाला जोडावं लागलं. मग फर्मेंटर, म्हणजे बुरशी वाढवण्याची टाकी. सीबीएच-१ प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा भाग) ग्लुकोज दिसलं की बंद पडतो, म्हणून लॅक्टोजसारखं खाद्य बेताबेताने द्यायचं. तंतू वाढले की टाकीतला द्रव दाट होतो आणि ऑक्सिजन पोचत नाही. ढवळणी वाढवली की तंतू तुटतात.

वाट नेहमीचीच : प्रवेशपरीक्षा, एमएस्सी, मग कंपनी किंवा पीएचडी. विभाग निवडताना अभ्यासक्रमाच्या नावाला भुलू नका. तिथला फर्मेंटर विद्यार्थी स्वतः चालवतात का, ते विचारा. माझं स्पष्ट मत आहे, नुसती जनुकं जोडता येणाऱ्यापेक्षा ५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये चौथ्या दिवशी ऑक्सिजन का घसरला हे सांगू शकणारी व्यक्ती या उद्योगाला जास्त हवी असते.

कोर्स तिला हवा असेल तर प्रकल्प संपल्यावर करू द्या. चौथा प्रयत्न तिला करू द्या, आणि तिच्या मार्गदर्शकांशी तुम्ही बोलू नका. त्या प्लेटचे फोटो घेऊन तीच जाईल.