माझी प्रार्थना पोहोचतच नाही

‘मॅडम, माझी प्रार्थना पोहोचतच नाही’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तींची चिंता बहुधा एकच असते: आपला विश्वास कमी पडतो, म्हणून देव ऐकत नाही. इंदूरमधल्या एका मराठी शिक्षिकेचा अनुभव तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे लिहीत आहे.

या ताईंचा धाकटा भाऊ दीर्घ आजारानंतर गेला होता. त्याच्यासाठी त्यांनी उपास केले आणि रात्री जागून प्रार्थना केली. अंत्यविधीनंतर एका हितचिंतकाने बायबलमधील याकोबाच्या पत्रातील पहिल्या अध्यायाचा दाखला देऊन सुनावले की, जो संशय धरून मागतो तो समुद्राच्या लाटेसारखा असतो व त्याला काही मिळत नाही. त्या दिवसापासून प्रार्थनेला बसले की ताई देवाकडे पाहण्याऐवजी स्वतःचा विश्वास तपासत बसत, आणि जितके तपासावे तितका संशय अधिक दिसे. मंडळीतील म्हणजे चर्चमधील लोकांच्या घरोघरी होणाऱ्या हिंदी प्रार्थनासभेत मोठ्याने प्रार्थना करण्याची आपली पाळी येण्याच्या सुमारास चहा ठेवायचे निमित्त काढून त्या स्वयंपाकघरात निघून जात.

येथे माझी चूक सांगितली पाहिजे. पहिल्याच भेटीत मी त्यांना शास्त्रातील अभिवचने लिहून दिली आणि रोज वाचायला सांगितली. पुढच्या आठवड्यात त्या अधिक खचून आल्या, कारण ‘विश्वास धरा म्हणजे मिळेल’ अशा आशयाचे प्रत्येक वचन त्यांना आरोपपत्रासारखे वाटले होते. झोप उडाली होती, जेवण कमी झाले होते; त्यासाठी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले.

मग आम्ही याकोबाचा तोच उतारा एक ओवी मागे जाऊन वाचला. तेथे विषय रोगमुक्तीचा नाही, परीक्षेच्या काळात लागणाऱ्या ज्ञानाचा आहे. आणि ज्या देवाजवळ ते मागायचे तो ‘दोष न लावता’ उदारपणे देतो, असे पाचव्या ओवीत स्पष्ट म्हटले आहे. ताईंनी ‘दोष न लावता’ हे शब्द दोनदा वाचले आणि बराच वेळ गप्प राहिल्या. ‘देहातला काटा’ म्हणजे सतत छळणारा त्रास काढावा म्हणून प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. गेथशेमाने बागेत येशूनेही तीनदा प्रार्थना केली, तरी दुःखाचा प्याला टळला नाही. या दोघांचा विश्वास उणा होता असे कोणताही पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हणणार नाही. मग हा निकष शोकात असलेल्या बहिणीलाच का लावायचा, हे मला आजही उमगत नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात कृपेच्या राजासनाजवळ ‘धैर्याने’ जावे असे म्हटले आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द ‘पार्रेसिया’ याचा अर्थ मोकळेपणाने, न बिचकता बोलणे असा आहे. म्हणजे मागितलेले मिळणारच अशी छातीठोक खात्री नसली, तरी मनात आहे ते बोलता येणे हेच ते धैर्य. हे सांगितल्यावर ताई म्हणाल्या, “पण मला सभेतल्यासारखं बोलता येत नाही, मॅडम. ते हिंदी शब्द माझे वाटतच नाहीत.” घरी आजी कशी प्रार्थना करायची, असे मी विचारले. आजी अहमदनगरकडची, चुलीपुढे बसून ती देवाशी भांडायचीसुद्धा, असे सांगताना ताई पहिल्यांदा हसल्या. मराठीत आपण आईला आणि देवाला ‘तू’ म्हणतो. ताई मात्र कित्येक महिने कचेरीत अर्ज द्यावा तशी प्रार्थना करीत होत्या.

मी त्यांना बायबलमधील तेरावे स्तोत्र दिले. सहाच ओव्यांचे हे स्तोत्र ‘कोठवर’ या प्रश्नाने सुरू होते आणि दोन ओव्यांत तो प्रश्न चार वेळा विचारते. रोज सकाळी ते वाचावे, मग मराठीत एकच खरे वाक्य देवाला सांगावे, आणि उठल्यावर ‘शांती वाटली का’ हे मुळीच तपासू नये, एवढेच ठरले. पहिले आठ दिवस ते वाक्य ‘मी तुझ्यावर रागावले आहे’ हेच होते. एके दिवशी वाक्य सुचलेच नाही, तेव्हा रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील शब्दांवाचूनच्या कण्हण्याची (आपल्याला प्रार्थना सुचत नाही तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी असे कण्हून विनंती करतो) त्यांनी स्वतःहून आठवण काढली. मला काही सांगावे लागले नाही.

सुमारे पाच महिन्यांनी एका प्रार्थनासभेत ताई पाळी आल्यावर बसून राहिल्या आणि निम्मी हिंदी, निम्मी मराठी अशी तीन वाक्ये बोलल्या. त्यांत भावाचे नाव होते, पण मागणे काहीच नव्हते. शेजारच्या वयस्कर काकूंनी आमेन म्हटले. कधीकधी त्या अजूनही चहा ठेवायला उठतात, पण आता आपली पाळी झाल्यावर.